मूत्रपिंडाला रंग चिकटवणारे गणित

शास्त्र निःपक्षपाती असते, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. ते तसे असावे, याबद्दल दुमत नाही. परंतु शास्त्र करणारी माणसे समाजातूनच येतात आणि समाजाची विषमता डोक्यात घेऊनच प्रयोगशाळेत शिरतात, हे आंबेडकरी चळवळीतील माणसाला वेगळे सांगायला नको. याचा ढळढळीत पुरावा अमेरिकेने दिला. माणसाची किडनी किती काम करते हे मोजण्याच्या सूत्रातच तिथे कातडीचा रंग बसवलेला होता. तो बाहेर काढायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की तो रक्तात साचतो. त्याच्या प्रमाणावरून, वय व लिंग यांचा हिशेब धरून, किडनीच्या गाळणक्षमतेचा अंदाज काढतात. रक्ताच्या रिपोर्टवर 'ईजीएफआर' म्हणून येतो तो हाच आकडा. १९९९ साली अमेरिकेत यासाठी एक सूत्र प्रसिद्ध झाले. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेले उत्तर सुमारे १.२ ने गुणावे, असे त्यात होते. कारण काय दिले? तर काळ्या माणसांचे स्नायू अधिक असतात! २००९ साली नवे सूत्र आले. त्यात गुणक १.१५९ झाला, पण रंग कायम राहिला.

या गुणाकाराचा अर्थ काय? अमेरिकेत ईजीएफआर २० किंवा त्याखाली गेला की किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत रुग्णाचे दिवस मोजणे सुरू होऊ शकते. समजा, एक गोरा आणि एक काळा पुरुष आहे. वय सारखे, रक्तातील क्रिएटिनिन सारखे. गोऱ्याचे उत्तर २० आले. तो यादीत गेला. काळ्याचे उत्तर १.२ ने गुणून २४ झाले. तो दाराबाहेर राहिला. रोग तोच, रक्त तेच, पण कागदावर त्याची किडनी गोऱ्याच्या किडनीपेक्षा बरी ठरली! अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के, किडनी निकामी झालेल्यांत मात्र ३० टक्क्यांहून अधिक. ज्यांना गरज जास्त, त्यांच्याच वाट्याला उशीर.

हा विचार आकाशातून पडलेला नाही. थॉमस जेफर्सनने अठराव्या शतकात 'नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया' या पुस्तकात काळ्या माणसांची मूत्रपिंडे कमी स्रवतात, असे लिहून ठेवले होते. शेकडो गुलामांचा हा मालक पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. आधी माणूस वेगळा ठरवायचा आणि मग त्याच्या शरीरात वेगळेपण शोधायचे, ही वर्चस्ववाद्यांची जुनी रीत आहे. आपल्याकडेही अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, असे पंडित सांगत होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे उपलब्ध आकडे घेऊनच तो सिद्धांत मोडून काढला. विद्वानांच्या मोजपट्टीनेच त्यांनी विद्वानांचे माप काढले.

अमेरिकेतही तेच घडले. वैद्यकीय विद्यार्थी आणि तरुण डॉक्टरांनी प्रश्न विचारला: आई गोरी आणि वडील काळे असतील, तर कोणता गुणक लावायचा? उत्तर कुणाकडे नव्हते. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत किडनीच्या रोगाचा धोका वाढवणारे जनुक सापडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले, हे खरे. पण ते सगळ्याच काळ्या माणसांत नसते आणि रंग पाहून ते कळत नाही. जनुक तपासावे लागते. २०१७ साली बोस्टनच्या एका रुग्णालयाने रंगाचा गुणक सोडला. सप्टेंबर २०२१ मध्ये किडनीतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थांनी वंशविरहित सूत्राची शिफारस केली. २०२२ साली प्रत्यारोपणाच्या यादीसाठी जुन्या सूत्राला मनाई झाली. जानेवारी २०२३ पासून वाया गेलेला काळ कृष्णवर्णीय रुग्णांच्या खात्यावर परत जमा करण्याचे आदेश निघाले. २०२४ च्या वसंतापर्यंत १४ हजारांहून अधिक रुग्णांची प्रतीक्षा अशी दुरुस्त झाली. जे वाट पाहता पाहता मेले, त्यांचे दिवस मात्र कोण परत करणार?

इथे एक गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी. हे १४ हजार रुग्ण सापडले, कारण तिथे रुग्णाचा वंश नोंदवला जातो. रंग सूत्रात असणे अन्याय होता. पण नोंदीत असल्यामुळेच अन्याय पकडता आला. आपल्याकडे उलट आहे. इथल्या सूत्रात जात नाही, आणि उपचार कोणाला मिळाले याच्या हिशेबातही ती नाही. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला, मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ साली आला. त्यातून कोणत्या जातीच्या किती माणसांपर्यंत किडनी पोहोचली, किती जण आठवड्यातून दोनदा एसटीने जिल्ह्याला जाऊन थकले आणि घरीच राहिले? २०२५ साली जातनिहाय जनगणनेचा निर्णय जाहीर झाला. आमची मागणी आहे की हाच न्याय आरोग्याच्या हिशेबालाही लावा.

दरम्यान आपल्या वस्तीने आपले भान राखावे. क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असते. म्हणून राबून राबून हाडाची काडे झालेल्या बाईचे क्रिएटिनिन किडनी बिघडलेली असतानाही 'नॉर्मल' दिसू शकते. मधुमेह वा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिनसोबत लघवीतील अल्ब्युमिनचीही तपासणी मागावी. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता रोज घेऊ नयेत.

१९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य सांगितले होते. १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव घेतले. त्या ब्लॅक पँथरने आपल्या वस्त्यांत मोफत दवाखाने काढून सिकलसेलच्या तपासण्या केल्या होत्या. तो वारसा आपलाही आहे. येत्या जयंतीला मिरवणुकीच्या खर्चातून थोडा पैसा बाजूला काढा आणि विहारात रक्तदाब, साखर व लघवी तपासणीचे शिबिर लावा. शिका, या शब्दात आपल्या रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकणेही येते. जयभीम!