चालती मोटार वारंवार बंद पडते तेव्हा... सुटे भाग बदलण्यापूर्वी अचूक निदान महत्त्वाचे

वाहतूक दिव्यापाशी उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन थांबणे, घाट चढताना ते दम टाकणे आणि महामार्गावर वेगात असताना अचानक बंद होणे, या तिन्ही प्रसंगांना वाहनधारक ‘गाडी बंद पडते’ असेच म्हणतो. प्रत्यक्षात त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात. त्यामुळे इंजिन नेमके केव्हा व कशा प्रकारे बंद पडते, याची नोंद ही दुरुस्तीची पहिली पायरी ठरते. ती न करता एकामागून एक सुटे भाग बदलल्यास खर्च वाढतो आणि दोष कायम राहतो.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. इंजिन थांबताच ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य खुंटते. साठलेल्या निर्वातावर ब्रेक एक-दोनदाच नेहमीप्रमाणे लागतो, त्यानंतर पेडल कडक होते. अनेक मोटारींत स्टिअरिंगही जड होते. अशा वेळी ब्रेक पुनःपुन्हा न दाबता एकदाच ठामपणे दाबून धरावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि मोटार रस्त्याच्या कडेला न्यावी. मोटार पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंग जखडले जाऊ शकते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आपत्कालीन प्रसंगी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

पेट्रोल इंजिन चालू राहण्यासाठी योग्य प्रमाणात हवा, पुरेशा दाबाने इंधन आणि नेमक्या क्षणी ठिणगी आवश्यक असते. या तिन्हींचा मेळ इलेक्ट्रॉनिक नियंत्रक विविध सेन्सरच्या संकेतांवरून घालतो. साखळीतील कोणता दुवा तुटला, हे बंद पडण्याच्या वेळेवरून बऱ्याच अंशी ओळखता येते.

इंजिन केवळ मंद गतीत, विशेषतः वातानुकूलन सुरू करताच बंद पडत असेल, तर संशय हवेच्या मार्गावर येतो. थ्रॉटल बॉडीत साचलेला काजळीचा थर किंवा निर्वात नळीला गेलेली चीर ही त्याची नेहमीची कारणे होत. चीर असल्यास अनेकदा बॉनेटखाली फुसफुस आवाज ऐकू येतो. थ्रॉटल बॉडी योग्य द्रावणाने स्वच्छ केल्यावर काही मोटारींत मंद गतीची नोंद नियंत्रकाला नव्याने करून द्यावी लागते. ती न केल्यास सफाईनंतरही त्रास सुरू राहतो.

चढावर किंवा जोरात वेग घेताना इंजिन अडखळत असेल, तर इंधनाचा दाब मोजावा. तुंबलेला फिल्टर किंवा क्षीण झालेला पंप कमी भारावर वेळ निभावून नेतो, पण मागणी वाढताच उघडा पडतो. बहुतेक मोटारींत हा पंप टाकीत असतो आणि इंधनामुळेच थंड राहतो. म्हणून टाकी सतत रिकामी होत आल्यावरच पेट्रोल भरण्याची सवय त्याचे आयुष्य घटवते. इंधनवाहिनीत दाब असल्याने ती उघडण्याचे काम मात्र कुशल कारागिरावरच सोपवावे.

इंजिन तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणे, हे क्रँकशाफ्ट सेन्सर किंवा इग्निशन कॉइल निकामी होत असल्याचे लक्षण असू शकते. सेन्सरचा संकेत तुटताच नियंत्रक इंधन व ठिणगी थांबवतो. मोटार गिअरमध्ये धावत असतानाही इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा एकदम शून्यावर आला, तर हा संशय बळावतो.

डॅशबोर्डवरील सारे दिवेही एकाच वेळी विझत असल्यास बॅटरीची सैल टोके, गंजलेली अर्थिंगची तार किंवा इग्निशन स्विच तपासावा. अमेरिकेतील जनरल मोटर्सचे २०१४ मधील प्रकरण या संदर्भात बोलके आहे. त्यात दोष इंजिनात नव्हताच. चालत्या मोटारीत स्विच आपोआप सरकत असल्याने इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. या दोषाशी निगडित १२४ मृत्यूंसाठी कंपनीच्या भरपाई निधीने दावे मंजूर केले.

इंधन भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाल्यास पेट्रोलमधील पाणी किंवा पेट्रोलच्या बाष्पाचा उघडा अडकलेला व्हॉल्व्ह, या दोन शक्यता पडताळाव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी मर्यादेपलीकडे गेल्यास इथेनॉल व पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. अशी टाकी रिकामी करून स्वच्छ करणे हाच उपाय असतो.

अलीकडच्या मोटारींत डॅशबोर्डखालील जोडणीला स्कॅनर लावून दोषाचे संकेतांक वाचता येतात. मात्र संकेतांक म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. ‘पी ०३३५’ हा संकेतांक क्रँकशाफ्ट सेन्सरच्या विद्युतमार्गात बिघाड असल्याचे सांगतो. तो बिघाड सेन्सरमध्ये, जोडणीत किंवा तारेतही असू शकतो. म्हणून संकेतांक पुसण्यापूर्वी टिपून घ्यावेत आणि सेन्सर बदलण्याआधी तारा व जोडण्या तपासाव्यात.

काही वेळा दोष मूळ निर्मितीतच असतो. होंडाने २०२० मध्ये सदोष इंधन पंपामुळे भारतातील ६५ हजारांहून अधिक मोटारी परत बोलावून पंप विनामूल्य बदलून दिले होते. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ नुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकारही देऊ शकते. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी चासी क्रमांकाच्या आधारे उत्पादकाकडे चौकशी करणे हिताचे ठरते.

दुरुस्तीनंतर गॅरेजच्या दारात इंजिन सुरळीत चालले, एवढ्यावर समाधान मानू नये. ज्या परिस्थितीत ते बंद पडत होते, तीच परिस्थिती, म्हणजे तोच चढ, तेवढेच तापलेले इंजिन आणि सुरू असलेले वातानुकूलन, कारागिराला सोबत घेऊन पुन्हा आजमावावी. त्या कसोटीला मोटार उतरली, तरच दोष दूर झाला असे मानता येते.