स्पॅनिश शिकताय? आधी वाक्य मराठीत म्हणून बघा

पनवेलहून मी बोलतेय. लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतेय.

बरेच जण ॲपवर इंग्रजीतून स्पॅनिश शिकतात, 'मे गुस्ता'पाशी अडकतात आणि 'आपल्याला नाही जमणार' म्हणून सोडून देतात. 'आय लाइक'साठी सरळ 'यो गुस्तो' का नाही म्हणायचं? हा प्रश्न इंग्रजीमुळे पडतो. मराठीतून बघा:

मे गुस्ता एल मांगो – मला आंबा आवडतो.
मे गुस्तान लोस मांगोस – मला आंबे आवडतात.

'मे' म्हणजे आपलं 'मला'. क्रियापद माझ्याप्रमाणे नाही, आंब्याप्रमाणे बदलतं. दोन्ही भाषांत अगदी तसंच. आणि 'मे गुस्तास' म्हणजे 'तू मला आवडतोस' किंवा 'आवडतेस'. हे मात्र जपून हं! मराठीसारखंच तिथेही ते प्रेमाकडे झुकतं. कुणाचा नुसता स्वभाव आवडला असेल तर 'मे काए ब्येन' म्हणा.

दुसरी गंमत 'ला'ची. आपण 'मी ट्रेन बघते' म्हणतो, पण 'मी आईला बघते'. स्पॅनिशमध्ये 'बेओ एल त्रेन', पण 'बेओ आ मी माद्रे'. ठरावीक माणूस आला की त्याच्या आधी 'आ' लागतो. इंग्रजीत हा फरकच नाही.

अर्थात, मराठी सगळीकडे कामी येत नाही. आपलं 'आहे' एकच, स्पॅनिशमध्ये दोन: 'सेर' आणि 'एस्तार'. 'सोय दे पनवेल' म्हणजे मी पनवेलची आहे, ही झाली ओळख. 'एस्तोय एन पनवेल' म्हणजे मी आत्ता पनवेलमध्ये आहे. 'एल मांगो एस बेर्दे' म्हणजे आंबा रंगाने हिरवा, पण 'एल मांगो एस्ता बेर्दे' म्हणजे अजून पिकलेला नाही. थोडक्यात, आपली कैरी!

आणि तिथे भूक 'लागत' नाही, ती जवळ असते: 'तेंगो आंब्रे', शब्दशः 'माझ्याकडे भूक आहे'.

तेव्हा पुढचं वाक्य आलं की आधी मराठीत म्हणून बघा. 'मला' किंवा 'ला' दिसला तर बिनधास्त पुढे जा. 'आहे' दिसलं की थांबा आणि स्वतःला विचारा: ही ओळख आहे, की आत्ताची अवस्था किंवा जागा?

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. आस्ता लुएगो!