‘हात लावू नकोस, शॉक बसेल!’ एवढं सांगून भागत नाही. मुलांना विजेबद्दल नेमकं काय शिकवायचं?

पावसाळा सुरू झाला की एक बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच. कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरलेला असतो. ओले कपडे टाकायला गेलेल्या आईला शॉक बसतो. तिला सोडवायला वडील धावतात, तेही चिकटतात. दोघांना तसं बघून मूल धावतं. एका तारेपायी अख्खं घर जातं.

यात मुलाची चूक काय? काहीच नाही. आपलं माणूस संकटात दिसलं की धावून जायचं, हेच तर त्याला शिकवलेलं असतं. फक्त विजेच्या बाबतीत धावून जाऊन हात धरायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बहुतेक घरांत विजेचं शिक्षण ‘बोर्डाला हात लावू नकोस’ इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. पण का लावायचा नाही, आणि कुणाला शॉक बसलाच तर काय करायचं, हे राहूनच जातं.

शॉक बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

मुलाला सांगायची सोपी गोष्ट अशी. वीज एका तारेने येते आणि तिला परत जायला वाट हवी असते. ती वाट दुसरी तार असू शकते, किंवा जमीन. आपण करंट असलेल्या तारेला हात लावला आणि पाय जमिनीवर असले, तर ती वाट आपल्या अंगातून जाते.

इथे मूल हमखास विचारतं, ‘मग तारेवरच्या चिमणीला काही का होत नाही?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि जमिनीशी तिचा संबंध नसतो. तिच्या अंगातून पुढे जायला विजेला वाटच नसते. पण मोठा पक्षी एकाच वेळी दोन तारांना टेकला, तर तो मरतो. एवढं कळलं की चप्पल, कोरडे हात आणि कोरडी फरशी यांचं महत्त्व मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता थोडे आकडे. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. साधारण १ मिलिअँपिअर करंट अंगातून गेला की मुंग्या येतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडता येत नाही. ‘चिकटला’ म्हणतात ते हेच. ३० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. ९ वॅटचा साधा एलईडी दिवा जवळपास ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे जीव जायला दिव्याएवढा करंटही पुरतो. अंग ओलं असेल तर त्वचेचा विरोध खूप कमी होतो, म्हणून पावसाळा आणि बाथरूम जास्त घातक.

‘आमच्या घरी एमसीबी आहे’ असं म्हणून निर्धास्त होऊ नका. ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर. तो वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं. दाबल्यावर वीज गेली नाही, तर वायरमनला बोलवायचं.

कुठल्या वयात काय शिकवायचं?

रांगणाऱ्या बाळाला नियम कळत नाहीत, तिथे घरच बदलावं लागतं. खालच्या प्लगला झाकण लावा. मोबाइल काढल्यावर चार्जर चालू ठेवून त्याची वायर लोंबकळत सोडू नका, बाळ ती तोंडात घालतं. चांगल्या चार्जरच्या टोकाला व्होल्टेज कमी असतं, पण स्वस्त चार्जर आतून बिघडला तर थेट २३० व्होल्ट तिथवर पोहोचू शकतात.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मोजके नियम पुरतात. प्लगच्या भोकात काहीही घालायचं नाही. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही. पाणी तापवायचा रॉड लावलेल्या बादलीजवळ जायचं नाही. नियम सांगताना ‘वीज राक्षस आहे’ असं घाबरवू नका. घाबरलेलं मूल गप्प राहतं किंवा गुपचूप करून बघतं.

सात-आठ वर्षांनंतर कारणं सांगायला लागा. पिन काढताना वायर ओढायची नाही, पिन धरायची. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढायची, कारण पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात. दहा वर्षांच्या मुलाला मेन स्विच कुठे आहे, तो बंद कसा करायचा, हे प्रत्यक्ष दाखवा. त्याचा हात तिथवर पोहोचतो का, तेही बघा.

‘फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात’

मुलाने असं सांगितलं तर ‘कशाला हात लावला?’ म्हणून ओरडू नका, शाबासकी द्या. बारीक शॉक म्हणजे वीज जिथे यायला नको तिथे आलेली आहे. आज हात कोरडा होता म्हणून मुंग्यांवर निभावलं, उद्या हात ओला असेल. ते उपकरण लगेच बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या. ओरडा बसला की पुढच्या वेळी मूल सांगणार नाही, आणि घराला मिळालेली पहिली सूचना वाया जाईल.

कुणी चिकटलं तर?

हा धडा सगळ्यात अवघड, कारण तो मायेच्या विरुद्ध जातो. मुलाकडून तीनच गोष्टी पाठ करून घ्या:

१. हात लावायचा नाही, अगदी आई असली तरी.
२. मोठ्याने ओरडून माणसं बोलवायची.
३. मेन स्विच माहीत असेल आणि वाट कोरडी असेल, तर तो बंद करायचा.

‘तू धरलंस तर तूही चिकटशील, मग आईला सोडवणार कोण?’ हे शब्द मुलाला नीट कळतात. एकदा नुसतं सांगून सोडू नका. खेळातल्यासारखं दोन-चारदा करून घ्या, म्हणजे ऐनवेळी आठवतं.

मेन स्विच सापडलाच नाही, तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर करायचं काम मोठ्यांचं, तेही फक्त घरातल्या विजेसाठी. खांबावरच्या तारा किंवा डीपी असेल तर काठीचाही भरवसा नाही. तिथे लांब राहून १९१२ वर वीज कंपनीला कळवायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही आणीबाणीत ११२. शॉक बसलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला डॉक्टरकडे न्यायचंच. हृदयावरचा परिणाम बाहेरून दिसत नाही.

घराबाहेरचे धोके

संक्रांतीला पतंग तारेत अडकला की तो गेला, असं समजायचं. काठीने किंवा सळईने काढायला जायचं नाही. पावसात रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला, ताणाच्या तारेला, मंडपाच्या लोखंडी पाइपला हात टेकायचा नाही. चेंडू डीपीच्या कुंपणात गेला तर तो तिथेच सोडायचा. शेतावर मोटरच्या स्टार्टरची पेटी मुलांनी उघडायची नाही.

तार तुटून जमिनीवर पडली असेल, तर आजूबाजूची जमीनही धोक्याची असते, ओली असेल तर जास्तच. निदान ३० ते ३५ फूट लांब थांबायचं आणि इतरांनाही थांबवायचं. चुकून जवळ पोहोचलो तर धावायचं नाही, दोन्ही पाय चिकटवून छोट्या छोट्या उड्या मारत मागे यायचं. पाय लांब पडले की एका पायातून दुसऱ्या पायात करंट जाऊ शकतो.

आणि ती कपड्यांची तार? पत्र्याच्या घरात विजेची वायर पत्र्यावर घासून वरचं आवरण झिजतं, पत्र्यात करंट उतरतो आणि पत्र्याला बांधलेल्या तारेतही येतो. लोखंडी तार काढून तिथे नायलॉनची दोरी बांधा. खर्च किरकोळ आहे. पत्र्यावर टेकलेली वायरही वायरमनकडून दुरुस्त करून घ्या.

मुलं ऐकत नाहीत, बघतात

पिन तुटली म्हणून वायरीची दोन टोकं प्लगमध्ये घालून काडेपेटीच्या काडीने दाबून बसवणारा बाबा, आणि ओल्या हाताने मिक्सरचं बटण दाबणारी आई, हेच मुलांचे खरे शिक्षक असतात. तोंडाने सांगितलेला नियम आणि डोळ्यांनी बघितलेली सवय यांत मूल सवयच उचलतं.

म्हणून या रविवारी मुलांना घेऊन घरात एक फेरी मारा. किती वायरी सोललेल्या आहेत, किती बोर्ड तुटलेले आहेत, हे त्यांनाच मोजायला सांगा, मात्र लांबून, नुसत्या डोळ्यांनी. यादी झाली की दुरुस्ती त्यांच्यासमोर करून घ्या. आणि शेवटी एक प्रश्न विचारा, ‘मला शॉक बसला तर तू काय करशील?’

‘तुला ओढीन’ असं उत्तर आलं, तर धडा पुन्हा पहिल्यापासून घ्या.