वाहन कोणासाठी?

२०२३ हे साल मुंबईकरांना दोन निरोपांचे गेले. १५ सप्टेंबरला 'बेस्ट'ची जुनी दुमजली बस अखेरची फेरी करून आगारात गेली. त्यानंतर दीडच महिन्याने 'प्रीमियर पद्मिनी' ही काळी-पिवळी टॅक्सी रस्त्यावरून उठली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत तेव्हा भरली. त्या दिवसांत शहराला जो गहिवर आला, तो खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गाडीतून नवजात अर्भक घरी आले आणि ज्या गाडीतून म्हातारे वडील इस्पितळात गेले, तिच्याविषयी माणसाला ममता वाटणारच. परंतु गहिवर ओसरल्यावर जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो कोणी फारसा विचारला नाही. ही वाहने प्रवाशांच्या दृष्टीने खरोखर चांगली होती काय? आणि त्यांच्या जागी आलेली वाहने अधिक चांगली आहेत काय?

वाहनांची तुलना करण्याची हौस आपल्या मध्यमवर्गाला मुळीच कमी नाही. अॅम्बॅसडर बरी की फियाट, हा वाद एके काळी ज्यांच्या स्वतःच्या दाराशी सायकलदेखील नव्हती अशा घरांतूनही रंगत असे. अॅम्बॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ती कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला तयार होई. ऐसपैस, मागे तिघांना पाय पसरून बसू देणारी, खड्ड्यांना न जुमानणारी. पण अंगाने अवजड आणि पेट्रोलच्या बाबतीत खादाड. फियाट मूळची इटलीची; वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या उद्योगाच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली आणि पुढे पद्मिनी झाली. अॅम्बॅसडरचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, तर हिचे १०८९. परंतु गिरगावच्या गल्लीत वळावे ते हिनेच. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड या दोघींहून देखणी होती. पण सुरुवातीच्या हेराल्डला दारेच दोन, त्यामुळे मागे बसणाऱ्याला पुढचे आसन वाकवून आत शिरावे लागे. तेव्हा कलकत्त्याने अॅम्बॅसडर आणि मुंबईने फियाट टॅक्सी म्हणून पत्करली, यात नवल नव्हते.

पुढे १९८३ च्या अखेरीस मारुती आली आणि या सर्वांचे गुण एकदम उतरले. तिचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे; परंतु गाडी वजनाला हलकी, चालवावयास सोपी आणि इंधनाला काटकसरी. तेव्हापासून आजवर इंजिने सुधारली, ब्रेक सुधारले, धूर घटला, गाडी थंड हवाही देऊ लागली. जुने ते सोने म्हणून ही प्रगती नाकारणे हा करंटेपणा होईल.

तथापि या साऱ्या गुणपत्रिकेत एक विषय राहून गेला आहे, आणि तोच आम्हांस मुख्य वाटतो. मध्यंतरी उपनगरातील एका इस्पितळाच्या फाटकाशी आम्ही एक दृश्य पाहिले. पायाला प्लास्टर घातलेल्या एका वृद्धेला घरी न्यावयाचे होते. टॅक्सी नवी, स्वच्छ, झोकदार होती. पण आसन इतके खाली की मुलाने व आयाबाईने दोन्ही बाजूंनी धरूनही बाईंना आत बसता येईना. अखेर त्या पाठमोऱ्या टेकल्या आणि पाय उचलून आत घेण्यात आला. मग चाकांच्या खुर्चीचा प्रश्न आला. डिकीतील अर्धीअधिक जागा सीएनजीच्या टाकीने व्यापलेली. खुर्ची टपावर दोरीने बांधावी लागली. चालक सज्जन होता. त्याने मीटर सुरू करण्याचीही घाई केली नाही. दोष त्याचा नव्हता. ती गाडी ज्या कामासाठी बनली होती ते काम हे नव्हेच.

खरी गोम इथे आहे. फियाट काय, अॅम्बॅसडर काय, किंवा आजच्या टॅक्सी काय, या सर्व मुळात एका धडधाकट कुटुंबाने स्वतःसाठी विकत घ्यावयाच्या गाड्या आहेत. आपण त्यांना काळा-पिवळा रंग दिला, मीटर बसविला आणि टॅक्सी म्हटले. वॅगन आरसारख्या उंच टपाच्या गाडीत चढणे-उतरणे सोपे जाते. पण तोही योगायोगच. आपली गाडी विकत घेणारा चार गाड्या पाहून, आत बसून निवड करतो. टॅक्सीच्या प्रवाशाला ती सोय नाही. जी समोर येईल तीत त्याला बसावे लागते. म्हणून त्याच्या वतीने निवड करण्याचे काम शहराने केले पाहिजे.

ते करता येते, याला लंडनचा दाखला आहे. तेथे १९०६ पासून टॅक्सीला अटी आहेत. सुमारे पंचवीस फुटांच्या घेरात तिला वळता आले पाहिजे, ही त्यांतली प्रसिद्ध अट. त्या अटींतूनच १९५८ साली ऑस्टिनची एफएक्स४ ही उंच टपाची, सपाट तळाची टॅक्सी निघाली आणि जवळजवळ चाळीस वर्षे तयार होत राहिली. २००० सालापासून तर चाकांची खुर्ची आत घेता आली पाहिजे, असे तेथील प्रत्येक टॅक्सीवर बंधन आहे. ती गाडी आवाजी होती, मंद होती, महागही होती. वेगाच्या परीक्षेत आमच्या फियाटनेही तिला मागे टाकले असते. पण तिचा आराखडा मागे बसणाऱ्याला समोर ठेवून काढलेला होता.

यावर कोणी म्हणेल, की लंडनची श्रीमंती आम्ही कोठून आणावी? टॅक्सीवाला कर्ज काढून गाडी घेतो. त्याच्यावर आणखी बोजा कशाला? आक्षेप रास्त आहे. हा बोजा एकट्या टॅक्सीवाल्याच्या माथी मारावा, असे आमचे म्हणणे नाही. जो सोयीची गाडी आणील त्याला करात सूट आणि परवान्यात अग्रक्रम देता येईल. शिवाय बसच्या बाबतीत तर निकष केव्हाच ठरले आहेत. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१३ साली शहरी बससाठी जे दंडक घालून दिले, त्यांत गाडीच्या तळाची उंची ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर अशी सांगितली आहे. चारशे आणि नऊशे यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो जिना चढण्याइतका असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सुगम वाहतूक ही सरकारची जबाबदारी ठरविली आहे. आणि खालच्या तळाची बस आणूनही ती थांब्यापासून चार हात दूर उभी राहिली, तर प्रवाशाला आधी रस्त्यावर उतरून मग चढावे लागते. तेव्हा चारशेचे पुन्हा सहाशे होतात. हे टाळण्यास पैसा लागत नाही; शिस्त लागते.

टॅक्सीने किती वर्षे धावावे, हे सरकार ठरवू शकते. भाडे किती घ्यावे, हेही ठरवू शकते. मग आसन किती उंच असावे, दार किती रुंद उघडावे आणि सामानाला व खुर्चीला जागा किती असावी, एवढ्या तीन गोष्टी ठरविण्यास अडचण कोणती? परिवहन प्राधिकरणाने हे निकष आखावेत, आणि आखण्यापूर्वी त्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाला एकदा टॅक्सीत बसवून व बसमध्ये चढवून पाहावे. निकष आपोआप सुचतील.

पद्मिनी गेली, तिची आठवण लोक काढतात. तिच्या जागी येणाऱ्या वाहनाची आठवण पुढील पिढीने निव्वळ सवयीमुळे काढू नये. त्यात म्हाताऱ्या माणसांना सुखाने बसता येत होते, म्हणून काढावी.