दुधाचा दात आणि मेरुरज्जू

मूल सहा-सात वर्षांचे झाले की दुधाचे दात हलू लागतात. पडलेला दात घराच्या कौलांवर भिरकावून द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. आता मात्र काही पालक आम्हांला विचारतात, "हा दात जपून ठेवायचा का? पुढेमागे पाठीच्या कण्याला इजा झाली तर उपयोगी पडतो म्हणे!" या म्हणण्यात तथ्य आहे, पण घाईही बरीच आहे. दोन्ही वेगळे करून पाहू.

प्रथम मेरुरज्जू. मणक्यांच्या पोकळीतून जाणारी, साधारण करंगळीएवढ्या जाडीची आणि प्रौढ माणसात सुमारे 45 सेंमी लांबीची ही दोरी म्हणजे मेंदू व शरीर यांच्यातील निरोपांचा मार्ग होय. झाडावरून पडल्यामुळे किंवा वाहनाच्या अपघातात ती चेचली गेली, की त्याखालच्या भागाची हालचाल व संवेदना जाऊ शकते. बोटातील तुटलेली चेता दिवसाला सुमारे 1 मिमी या गतीने पुन्हा वाढू शकते. मेरुरज्जूतील तंतू मात्र तसे वाढत नाहीत. असे का? इजेनंतर तेथे दाह होतो आणि सुरुवातीला वाचलेल्या पेशीही मरू लागतात. शिवाय तंतूंवरील मायेलिन या आवरणाचे अवशेष आणि व्रणात साचणारे काही पदार्थ नव्या वाढीला अटकाव करतात.

आता दाताकडे वळू. दाताच्या कठीण कवचाआड मऊ गर असतो. 2000 साली ग्रोन्थॉस, शी व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी प्रौढांच्या अक्कलदाढेच्या गरात मूलपेशी असल्याचे दाखवले. 2003 साली शी यांच्या गटाला त्या पडलेल्या दुधाच्या दातांतही सापडल्या. मूलपेशी स्वतःसारख्या आणखी पेशी निर्माण करते आणि योग्य परिस्थितीत वेगळे काम करणाऱ्या पेशींत तिचे रूपांतर होऊ शकते. एका दातात अशा जेमतेम 12 ते 20 पेशी मिळाल्या. पण प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवता येते. गर्भावस्थेत दाताचा गर ज्या पेशींपासून घडतो, त्याच समूहातून शरीरातील अनेक चेताही तयार होतात. 'दात कुठे आणि पाठ कुठे' या शंकेचे उत्तर या नात्यात आहे.

जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचा मेरुरज्जू पूर्णपणे कापून त्या जागी माणसाच्या दातातील मूलपेशी सोडल्या. काही उंदरांना तुलनेसाठी अस्थिमज्जेतील किंवा त्वचेतील पेशी दिल्या. दातातील पेशी मिळालेल्या उंदरांच्या मागच्या पायांची हालचाल इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. या पेशींनी तीन कामे केली : मरू घातलेल्या पेशी वाचवल्या, तंतूंच्या वाढीला होणारा अटकाव कमी केला, आणि त्यांतील बऱ्याच पेशी मायेलिन तयार करणाऱ्या पेशींत रूपांतरित झाल्या. म्हणजे दातातून नवा मेरुरज्जू उगवला नाही. उरलेल्याची डागडुजी झाली.

येथेच सावध व्हायला हवे. उंदीर पूर्ववत चालू लागले नाहीत. पेशी इजा केल्याबरोबर दिल्या होत्या. अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या जुन्या व्रणाची गोष्ट वेगळी. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही विकारांसारखे मान्य उपयोग वगळता मूलपेशींचे उपचार केवळ रीतसर वैद्यकीय चाचणीतच करावेत, असे सांगितले. नाळेतील रक्त सोडून इतर पेशींच्या व्यापारी साठवणुकीलाही त्यांत परवानगी नव्हती.

अशी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. प्रयोग कोणावर झाला? इजेनंतर किती वेळाने उपचार केला? आणि तुलना कशाशी केली? अपघाताने खचलेले कुटुंब आशेपोटी जमीनही विकायला तयार होते. हे तीन प्रश्न विचारणारा एखादा विद्यार्थी त्या घरात असला, तर ती जमीन वाचेल. आणि संशोधनावरचा विश्वासही टिकेल. पालकांना आमचे उत्तर एवढेच : दात तूर्त कौलांवर जाऊ द्या, संशोधनावर मात्र लक्ष ठेवा.