पाया खणताना हाडं लागली तर

कर्जत-खालापूर पट्ट्यात सध्या कुठे ना कुठे जेसीबी चालूच असतो. सेकंड होमचे पाये, फार्महाऊसची तळी, रस्ते, रेल्वेचं काम. अशा खोदकामात माणसाची हाडं लागली की साइटवर पहिला सल्ला हमखास मिळतो: गुपचूप डंपरमध्ये भरा, नाहीतर काम अडकेल. या सल्ल्यामागे बरेच गैरसमज आहेत.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे, कळवणं हे पोलीस पाटलाचं काम, आपलं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४ स्वच्छ शब्दांत सांगतं की गावच्या कारभाराशी संबंधित अधिकाऱ्यावर जशी ही जबाबदारी आहे, तशीच गावात राहणाऱ्या प्रत्येकावर आहे. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला असावा असं वाटण्याजोग्या परिस्थितीत गावात वा आसपास मृतदेह किंवा त्याचा भाग सापडला, तर जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवायचं. गावाची शेतजमीनही यात येते. जाणूनबुजून कळवलं नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २११ खाली शिक्षा होऊ शकते. हाडं लपवणाऱ्याला त्यामागे गुन्हा आहे हे माहीत असेल, तर कलम २३८, म्हणजे पुरावा नष्ट करणं, हा आणखी गंभीर मामला.

‘पण हाडं जुनाट दिसतात, त्यात पोलिसांचा काय संबंध?’ जुनाट दिसणं हा पुरावा नव्हे. कोकणच्या तांबड्या मातीत आणि इथल्या पावसात हाड लवकर झिजतं, मातीचा रंग घेतं. वय ठरवायचं काम डॉक्टर आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांचं. खालापूरला लागूनच असलेल्या पेण तालुक्यात, गागोदे खुर्दच्या जंगलात, मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले. त्या वेळी अकस्मात मृत्यूची साधी नोंदही झाली नाही. तीन वर्षांनी ते एका खुनाच्या खटल्याचा मुख्य पुरावा ठरले आणि त्याच जागी पुन्हा खोदावं लागलं. पुढे २०२४ मध्ये ती हाडं नेमकी कुठे आहेत, यावरून न्यायालयात गोंधळ झाला. पहिल्या दिवशीचा पंचनामा किती मोलाचा असतो, ते यावरून कळतं.

शिवाय खालापूर हा इर्शाळवाडीचा तालुका आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवला गेला. त्या उतारावर किंवा खालच्या ओढ्यात कधी हाड सापडलं, तर ते कुणाच्या तरी घरातलं माणूस असू शकतं. त्याच्याकडे मातीचा राडारोडा म्हणून पाहणं मला तरी अक्षम्य वाटतं.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज असा की पुरातत्त्व म्हणजे मूर्ती आणि नाणी, हाडांना त्यात जागा नाही. प्रत्यक्षात १९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्यातल्या प्राचीन स्मारकाच्या व्याख्येतच शंभर वर्षांहून जुनी दफनाची जागा बसते. कर्जतजवळची कोंडाणे लेणी केंद्रसंरक्षित आहेत. तिथे १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. संरक्षित जागेत परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. असंरक्षित जागेतही राज्य सरकारला केंद्राची पूर्वसंमती लागते. मात्र उत्खननात मिळालेल्या मानवी अवशेषांचं नेमकं काय करायचं, यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. इंग्लंडमध्ये १८५७ च्या दफन कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे ही उणीव भरून निघायलाच हवी.

हाड जागेवर का ठेवायचं, ते पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात दिसतं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत तान्ही मुलं पुरलेली होती. मोठ्या माणसांची पावलं दफनाआधी तोडलेली होती. ही माहिती मिळाली ती मडकं कसं कलंडलंय, पाय कुठे संपतात, हे जागेवर बघून. तेच घमेल्यात भरून आणलं असतं तर हातात नुसती हाडं आणि खापरं उरली असती. पोलीस तपासातही कापडाचा तुकडा किंवा बटण कवटीच्या कोणत्या बाजूला होतं, यावर बरंच अवलंबून असतं.

‘जमीन माझी, मग सापडलेलं माझं’ हेही खोटं. सांगाड्याजवळ दागिना किंवा नाणी असतील आणि किंमत दहा रुपयांवर असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पूजा घालून दुसरीकडे पुरणं हा मार्ग श्रद्धेने सुचवला जातो, तो भाव मी समजू शकतो. पण जागा एखाद्या वाडीची, लिंगायतांची, गोसाव्यांची किंवा मुसलमानांची जुनी दफनभूमी असू शकते. त्या लोकांना न विचारता हाडं हलवायचा हक्क बिल्डरला नाही. तिथे भावना दुखावण्याच्या हेतूने विटंबना केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ लागू होतं.

म्हणून हाडं लागली की त्या खड्ड्यातलं काम थांबवा. हाडांना हात न लावता शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, पाऊस असेल तर वर ताडपत्री टाका. ११२ वर किंवा जवळच्या ठाण्यात कळवा, तहसीलदारांनाही सांगा. पंचनामा तुमच्यासमोर होऊ द्या. खापरं, मणी किंवा दगडांची रचना दिसत असेल, तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला बोलवावं अशी मागणी लेखी करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.