कच्च्या फायलीतून चित्र कोण काढते?

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आठवा. रंगमंचावरच्या पिवळ्या दिव्यांत काढलेल्या फोटोत नायकाचा पांढरा सदरा हळदीत बुडवल्यासारखा दिसतो. नाटक पाहताना मात्र तो आपल्याला पांढराच दिसत होता. दिव्याच्या रंगाशी आपले डोळे आणि मेंदू नकळत जुळवून घेतात. कॅमेराही तसा प्रयत्न करतो, पण त्याचा अंदाज पुष्कळदा चुकतो.

म्हणून जाणते छायाचित्रकार अशा वेळी 'रॉ', म्हणजे कच्ची, फाईल जपून ठेवतात. आता कित्येक मोबाइल फोनमध्येही ही सोय असते. ही फाईल उघडायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. नावांची यादी देणे सोपे आहे. परंतु हे सॉफ्टवेअर करते तरी काय, हे कळल्याखेरीज त्या यादीचा उपयोग नाही.

कॅमेऱ्याच्या भिंगामागे सिलिकॉनचा एक संवेदक असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच मोजते; रंग त्याला कळत नाही. यावर तोड म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या मांडणीत दर चार घरांमागे दोन हिरवी, एक लाल आणि एक निळे घर असते. या मांडणीचे पेटंट १९७६ साली मिळाले आणि आजचे बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. हिरवी घरे दुप्पट का? आपल्या डोळ्यांना उजेडातले बारकावे हिरव्या प्रकाशात अधिक चांगले टिपता येतात म्हणून.

आता थोडे गणित करू. ६००० × ४००० बिंदूंच्या चित्रात २ कोटी ४० लाख घरे असतात. रंगीत चित्रासाठी प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे हवेत, म्हणजे एकूण ७ कोटी २० लाख. प्रत्यक्ष मोजलेले आकडे मात्र २ कोटी ४० लाखच! उरलेले ४ कोटी ८० लाख आकडे शेजारच्या घरांवरून हिशेबाने भरावे लागतात. म्हणजे रंगीत चित्राचे दोन तृतीयांश आकडे अंदाजाचे असतात. जेपेग फायलीत हा अंदाज कॅमेऱ्यानेच करून टाकलेला असतो. कच्च्या फायलीत तो व्हायचा असतो आणि ते काम तुम्ही निवडलेले सॉफ्टवेअर करते.

समजा, एका लाल घरातला हिरवा आकडा काढायचा आहे. त्याच्या वरच्या हिरव्या घरात १००, खालच्या घरात १०२, डावीकडे ९८ आणि उजवीकडे २० असे आकडे आहेत. चारही आकड्यांची सरासरी ८० येते. पण जरा विचार करा. वर-खाली फरक २ चा आणि डावी-उजवीकडे ७८ चा, म्हणजे उजव्या बाजूने एखाद्या वस्तूची उभी कड गेली असावी. मग वरच्या-खालच्या घरांवरच विश्वास ठेवून उत्तर १०१ येते. एक सॉफ्टवेअर ८० म्हणेल, दुसरे १०१. पहिल्याच्या चित्रात ती कड पुसट होईल. फाईल एकच, चित्रे दोन!

कच्च्या फायलीचा दुसरा गुण म्हणजे तिच्यातल्या पायऱ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या कच्च्या फायलीत १६,३८४. पिवळ्या उजेडात निळा प्रकाश थोडा असतो. सदरा पांढरा करायला निळ्याचे आकडे तिप्पट करावे लागले, तर जेपेगमध्ये जेमतेम ८५ पायऱ्या २५६ जागांवर ताणल्या जातात, मध्ये फटी पडतात आणि सावलीत डाग दिसू लागतात. कच्ची फाईल हा ताण सहज सोसते. मात्र प्रखर उजेडाने जी घरे काठोकाठ भरली, त्यांतले बारकावे कायमचे गेले. शेजारच्या घरांवरून तिथे ठिगळ लावता येते, पण ते ठिगळच.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट, ते सॉफ्टवेअर तुमच्या कॅमेऱ्याची फाईल वाचते का? प्रत्येक कंपनीची फाईल निराळी असते. हा घोळ कमी व्हावा म्हणून ॲडोबी कंपनीने २००४ साली 'डीएनजी' हा खुला प्रकार आणला. त्याआधी १९९७ साली डेव्ह कॉफिन या प्रोग्रॅमरने 'डीसीरॉ' नावाचा फुकट प्रोग्रॅम लिहून अनेक कंपन्यांच्या फायलींचे कोडे उलगडले होते आणि त्याचा आधार पुढे इतर अनेकांनी घेतला. एका माणसाने केवढे काम करून ठेवावे!

दुसरी गोष्ट, तुमच्या मेहनतीचे पुढे काय होणार? चांगले सॉफ्टवेअर मूळ फायलीला हात लावत नाही. 'निळा वाढवा, उजेड कमी करा' अशा सूचना वेगळ्या जागी लिहून ठेवते. पण एकाच्या सूचना दुसऱ्याला नीट कळत नाहीत. त्यातून सॉफ्टवेअर वर्गणीवर घेतलेले असेल आणि वर्गणी थांबली, तर पुढचे फेरफारही थांबू शकतात. शाळेसाठी मी तरी 'डार्कटेबल' किंवा 'रॉथेरपी' सुचवीन. दोन्ही फुकट आहेत आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतात. डार्कटेबल शिकायला जरा अवघड आहे, पण फोटोंची व्यवस्था लावायलाही ते उपयोगी पडते. काम संपले की तयार चित्राची १६ बिटांची टिफ प्रत कच्च्या फायलीसोबत ठेवावी. ती जवळजवळ कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

विज्ञानाच्या प्रकल्पासाठी फोटो काढणाऱ्यांनी तर अधिकच जपले पाहिजे. एखाद्या रोपाच्या पानांचा रंग महिनाभर नोंदवायचा असेल आणि मध्येच सॉफ्टवेअर बदलले, तर रंग पानाचा बदलला की हिशेबाचा, हे कसे सांगणार? सॉफ्टवेअर तेच ठेवा, सूचनाही त्याच ठेवा आणि दर फोटोत पानाशेजारी एकच राखाडी पुठ्ठा ठेवा.

निवड पक्की करण्यापूर्वी एक प्रयोग करा. खिडकीच्या डासांच्या जाळीचा थोड्या अंतरावरून कच्च्या फायलीत फोटो घ्या. तो दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडा, कशालाही हात न लावता पूर्ण आकारात मोठा करा आणि करड्या जाळीवर नसलेले रंगीत पट्टे कोणात अधिक दिसतात ते पाहा. एकदम जमले नाही, तर अंतर थोडेथोडे बदलून पुन्हा फोटो घ्या.